आधी फोटो, मग कॉम्प्युटर

(मंडळाच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. छपाईसाठी देताना काही ठिकाणी थोडी भर घातली आहे.)

भिलाईच्या वेगवेगळ्या सेक्टरमधून मंडळी आवर्जून आली आहेत. मागच्या रांगेत आमच्या विभागातले जुने सहकारीही दिसत आहेत. त्यातले दोघे केरळचे, एक बंगालचे. मराठी त्यांना आरतीपुरते येते असे ते म्हणतात, पण चहा-फराळाची घोषणा त्यांना आपल्याआधी कळते हे मी पाहिले आहे.

सचिवांनी माझी ओळख करून देताना मला 'कॉम्प्युटर तज्ज्ञ' म्हटले. हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. मी ३४ वर्षे इथल्या पोलाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काढली. भट्टीचे तापमान, वायूचा दाब, पाण्याचा प्रवाह मोजणारी उपकरणे खरे बोलतात की खोटे, हे तपासणे एवढेच माझे काम. त्या कामाने एक सवय लावली. कोणी काहीही सांगो, मोजल्याशिवाय मानायचे नाही. ही सवय आयुष्यात एकदाच सुटली आणि त्याची किंमत मोजावी लागली. आज तेच सांगायला उभा आहे.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. मंडळाच्या कपाटावर एक पत्र्याची ट्रंक आहे. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना ती खाली उतरवली, तेव्हा आत जुन्या उत्सवांचे सुमारे ४०० फोटो निघाले. पुष्कळसे कृष्णधवल. आपल्या वाडवडिलांचा तो काळ. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्याच्या आगेमागे नागपूर, वर्धा, अमरावती, भंडाऱ्याकडची माणसे एका ट्रंकेनिशी दुर्ग स्टेशनवर उतरली. माझे वडील त्यातलेच. त्या लोकांनी मांडव घातला, मूर्ती बसवली, नाटके केली आणि कोणाकडे तरी कॅमेरा होता म्हणून हे फोटो निघाले. काहींना बुरशी लागली आहे, काही कसरीने खाल्ले आहेत, काही एकमेकांना चिकटले आहेत.

कार्यकारिणीत लगेच ठरले की हे सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, डाग-चिरा काढायच्या आणि गणेशोत्सवात प्रदर्शन भरवायचे. इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. पुढचा प्रश्न निघाला, की त्यासाठी नवा कॉम्प्युटर घ्यायचा का? कोणी म्हणाले, फोटोचे काम म्हणजे भारी मशीन हवेच. कोणी म्हणाले, मंडळाकडे एका सभासदाच्या मुलाने दिलेला जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला आहे, तो का चालू नये? खजिनदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शेवटी ते मशीन तपासण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या तपासणीचा अहवाल देण्याआधी स्वतःची एक फजिती सांगतो.

निवृत्तीनंतर, २०२२ च्या जानेवारीत, मी ठरवले की आई-वडिलांचा एक फोटो दुरुस्त करायचा. क्वार्टर मिळाल्यावर दारात उभे राहून काढलेला. वडिलांच्या हातात कुलूप, आईच्या हातात कळशी. दोघांचा एकत्र असा तेवढा एकच फोटो आमच्याकडे होता. फ्रेमच्या काचेआड त्याला बुरशीचे ठिपके पडले होते. मी बाजारात जाऊन कार्यालयात वापरून झालेला, स्वच्छ करून विकायला ठेवलेला एक कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराला विचारले, "यावर फोटो एडिटिंग होईल ना?" तो म्हणाला, "अंकल, सब चलेगा." आणि मी, आयुष्यभर उपकरणांवर संशय घेतलेला माणूस, 'सब चलेगा' या दोन शब्दांवर पैसे मोजून घरी आलो.

घरी आल्यावर फोटो दुरुस्तीचा एक नावाजलेला प्रोग्राम चढवायला गेलो, तर त्याने सांगितले की तुमच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे, मला निदान ८ हवी. ठीक आहे. मी बाजारातून रॅमची पट्टी आणली. ती बसेना. मशीन डीडीआर-३ जातीचे, मी आणलेली पट्टी डीडीआर-४ जातीची. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, ती मुद्दाम तशीच ठेवलेली असते. पट्टी बदलून आणली, प्रोग्राम सुरू झाला, पण निम्म्या गोष्टी फिकट दिसू लागल्या, म्हणजे वापरता येईनात. कारण काय, तर ग्राफिक्स अपुरे. मग ग्राफिक्स कार्ड आणले. ते पेटीत मावेना. कार्यालयात टेबलावर आडवी ठेवतात तशी ती चपटी पेटी होती आणि कार्ड पूर्ण उंचीचे. शेजाऱ्यांचा मुलगा म्हणाला, "काका, पेटीच बदलू या." पेटी बदलायची म्हणजे वीजपुरवठ्याचा डबाही बदलायचा. घोड्याच्या नालेसाठी घोडा घेण्याचा प्रकार सुरू झाला होता.

या सगळ्यात जानेवारीचा सप्टेंबर झाला. मध्ये पावसाळा येऊन गेला. घर आवरताना मी तो फोटो कपाटातून काढला. ओल धरून फोटोचा वरचा थर काचेला चिकटला होता. मला राहवले नाही, मी तो सोडवायला गेलो. वडील कागदावर राहिले, आईचा चेहरा काचेवर गेला.

मंडळींनो, त्या नऊ महिन्यांत माझ्या घरात स्कॅनर होता. मुलीच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला, चालू स्थितीतला. त्याला जोडायला माझा तो ४ जीबीचा कॉम्प्युटर पुरेसा होता, त्याहून जुनाही पुरला असता. पहिल्याच दिवशी मी फोटो फ्रेमसकट स्कॅनरवर ठेवला असता, तर आज आईचा चेहरा असता. ठिपके असते, ते सावकाश काढता आले असते. मी दुरुस्तीच्या हत्याराच्या मागे लागलो आणि ज्याची दुरुस्ती करायची तीच वस्तू गमावली.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवू या. फोटो कॉम्प्युटरवर घेणे आणि फोटो दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला साधे मशीन चालते आणि ते काम घाईचे आहे. दुसऱ्या कामाला थोडे बळकट मशीन लागते, पण ते काम थांबू शकते.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. एखाद्या कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्तीचा प्रोग्राम चालेल की नाही, हे कसे तपासायचे? इथे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. माझे काम केवढे आहे? प्रोग्राम काय मागतो? मशीनमध्ये काय आहे? मी तिसरा प्रश्न दुकानदाराला विचारला आणि पहिले दोन विचारलेच नाहीत.

पहिला प्रश्न, काम केवढे? इथे थोडा हिशेब करू या. आपले बहुतेक फोटो ४ इंच बाय ६ इंचाचे आहेत. ते ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके या मापाने स्कॅन केले, तर एका बाजूला २४०० आणि दुसऱ्या बाजूला ३६०० ठिपके होतात. गुणाकार केला की ८६ लाख ४० हजार. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले, तर एका फोटोला सुमारे २६ एमबी जागा लागते. ४०० फोटोंचे साडेदहा जीबीच्या आत काम भागते. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर आपल्या मंडळाचा सगळा इतिहास मावतो! लहान आकाराचे फोटो १२०० डीपीआयवर घ्यावे लागतील, पण तेही आवाक्यातले आहे.

पण ही झाली नुसती ठेवण्याची जागा. दुरुस्ती करताना आपण मूळ फोटोला हात लावत नाही, त्याच्यावर एकेक थर चढवतो. एका थरावर चिरा बुजवायच्या, दुसऱ्यावर उजेड वाढवायचा, तिसऱ्यावर डाग काढायचे. प्रत्येक पूर्ण थर मूळ फोटोएवढीच किंवा थोडी जास्त मेमरी घेतो. दहा थर झाले की २६ एमबीचा फोटो ३०० एमबीच्या घरात जातो. रंगाची बारीक छटा राखण्यासाठी ८ बिटऐवजी १६ बिटवर काम केले की तोच आकडा दुप्पट. शिवाय 'चुकले, मागे जा' म्हणता यावे म्हणून प्रोग्राम आधीच्या पायऱ्याही लक्षात ठेवतो, आणि विंडोज स्वतःसाठी दोन-तीन जीबी आधीच अडवून बसलेले असते. म्हणजे ४ जीबीच्या मशीनमध्ये आपल्या वाट्याला काय उरते ते तुम्हीच पाहा. मेमरी संपली की प्रोग्राम हार्ड डिस्कवर तात्पुरती जागा वापरू लागतो. ती डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असेल तर एकेका क्लिकला चहा पिऊन यावे. मशीन बिघडलेले नसते, ते धावत धावत गोदामातून सामान आणत असते.

दुसरा प्रश्न, प्रोग्राम काय मागतो? हा प्रश्न दुकानात विचारायचा नाही, भाच्याला विचारायचा नाही. प्रत्येक प्रोग्रामचे बनवणारे आपल्या गरजांची यादी स्वतः प्रसिद्ध करतात आणि ती आवृत्तीगणिक बदलते. फोटोशॉपचेच घ्या. १९९० साली तो पहिल्यांदा आला तेव्हा फक्त मॅकिंटॉशवर चालायचा. मी त्याच्या हल्लीच्या आवृत्तीची यादी पाहिली तेव्हा त्यात रॅम किमान ८ जीबी, शिफारस १६ जीबीची, आणि ग्राफिक्स डायरेक्टएक्स १२ चे, असे लिहिले होते. शिवाय २०१३ पासून हा प्रोग्राम भाड्याने घ्यावा लागतो. नव्या आवृत्त्या एकदाच पैसे देऊन कायमच्या आपल्या होत नाहीत. खजिनदारांनी हे टिपून घ्यावे.

या यादीत 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन रकाने असतात. कारखान्यातल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. क्रेनवर भाराची मर्यादा लिहिलेली असते, तेवढा भार ती उचलते हे खरे, पण रोज, तिन्ही पाळ्यांत, काठोकाठ भार उचलायला आपण तिला लावतो का? 'किमान' म्हणजे प्रोग्राम उघडेल. 'शिफारस' म्हणजे त्यावर बसून काम होईल. माझ्यासारख्याला महिन्यातून एक फोटो करायचा असेल तर किमानाच्या जरा वर असले तरी पुरे. ४०० फोटो करायचे असतील तर शिफारशीकडे बघावे.

तिसरा प्रश्न, मशीनमध्ये काय आहे? याचे उत्तर मशीन स्वतः देते, फक्त विचारता आले पाहिजे. पेटी उघडावी लागत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' नावाच्या पानावर जा. आमच्या कंट्रोल रूमसारखे आलेख दिसतील. 'सीपीयू'वर प्रोसेसरचे पूर्ण नाव असते. ते अक्षर न अक्षर उतरवून घ्या, कारण नुसते 'आय-५' म्हणून काही कळत नाही. आय-५ गेली कित्येक वर्षे निघतो आहे. त्याच्या पुढचा आकडा पिढी सांगतो. काही नव्या प्रोग्रामना एव्हीएक्स-२ नावाची सोय प्रोसेसरमध्ये असावी लागते. इंटेलमध्ये ती २०१३ मध्ये, चौथ्या पिढीपासून आली. त्याआधीचे मशीन असेल तर रॅम कितीही वाढवा, असे प्रोग्राम चालणार नाहीत.

मग 'मेमरी'वर जा. रॅम किती हे तिथे वर लिहिलेले असते आणि खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिथे दोनपैकी एक असे दिसले तर आनंद माना, एक खाच रिकामी आहे. नवी पट्टी आणण्याआधी मशीनला कोणत्या जातीची लागते ते मात्र विचारा, माझ्यासारखे करू नका. 'डिस्क'वर गेल्यावर ती एसएसडी आहे की एचडीडी ते कळते. एचडीडी म्हणजे फिरती तबकडी. जुन्या मशीनमध्ये ती काढून एसएसडी बसवली की म्हातारा काठी टाकून चालू लागतो, एवढा फरक पडतो.

आता ग्राफिक्स. मी ज्या खड्ड्यात पडलो तो इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. विंडोज आणि 'आर' ही बटणे दाबून डीएक्सडायग असे इंग्रजीत टाइप केले की एक खिडकी उघडते. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असते, डायरेक्टएक्स व्हर्जन, डायरेक्टएक्स १२. मी ते वाचले आणि खूश झालो. यादीत १२ मागितले आहे, माझ्याकडे १२ आहे! पण तो आकडा विंडोजचा असतो, ग्राफिक्स चिपचा नव्हे. चिपची कुवत 'डिस्प्ले' या पुढच्या पानावर 'फीचर लेव्हल्स' या ओळीत असते. माझ्या मशीनमध्ये तिथे ११ च्या पुढे काही नव्हते. मीटरची तबकडी हजारापर्यंत आखलेली असली म्हणून भट्टी हजारावर गेली असे होत नाही, हे मी नोकरीला लागलेल्या मुलांना शिकवत असे. स्वतःच्या घरात विसरलो.

शेवटी 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' या वाटेने गेलात की विंडोज कोणते आणि ३२ बिटचे की ६४ बिटचे ते कळते. आजचे मोठे प्रोग्राम ६४ बिटच मागतात. ३२ बिटच्या आकड्यात मोजता मोजता ४ जीबीला मोजपट्टीच संपते, त्यामुळे तिथे ८ जीबी रॅम बसवूनही साधारणतः उपयोग होत नाही. कधी कधी प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि वर विंडोज ३२ बिटचे चढवलेले असते. ती ओळ नीट वाचली तर हे लक्षात येते आणि मशीन टाकून देण्याची वेळ येत नाही. ज्यांच्याकडे ॲपलचा मॅक आहे, त्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर जाऊन 'अबाउट धिस मॅक' पाहिले की प्रोसेसर, मेमरी आणि सिस्टिमची आवृत्ती एका जागी मिळते.

कागदावर जुळले, तरी शेवटची परीक्षा प्रत्यक्ष कामाची. प्रोग्रामची चाचणी प्रत मिळत असेल तर ती चढवा, आपलाच एक स्कॅन केलेला फोटो उघडा, दहा थर चढवा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. काम अडकले की कोणता आलेख छताला टेकला आहे ते पाहा. मेमरीचा टेकला तर रॅम कमी. डिस्कचा टेकला तर आधी मेमरी पाहा, मग डिस्क. प्रोसेसरचा टेकला तर दोन क्षण धीर धरा, त्याला काम करू द्या. ज्याचा आलेख टेकला त्यावरच खर्च करायचा. बाकीचे बदलण्यात अर्थ नाही.

आता आपल्या मंडळाच्या मशीनचा अहवाल. प्रोसेसर इंटेल आय-५, चौथ्या पिढीचा. रॅम ४ जीबी, दोनपैकी एक खाच रिकामी. डिस्क फिरत्या तबकडीची, ५०० जीबी. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असलेले, पातळी ११. विंडोज १०, ६४ बिट.

यावर फोटोशॉपची नवी आवृत्ती नीट चालणार नाही. रॅम वाढवली तरी ग्राफिक्स आडवे येईल. विंडोज ११ ही यावर रीतसर चढणार नाही, कारण त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. एवढे ऐकून कार्यकारिणीतले एक सभासद म्हणाले, "म्हणजे भंगारात?"

अजिबात नाही. गिंप नावाचा फोटो दुरुस्तीचा प्रोग्राम आहे. १९९६ पासून तो लोकांच्या हाती आहे, मोफत आहे, २०२५ च्या मार्च महिन्यात त्याची ३.० ही मोठी आवृत्ती आली. डाग काढणे, चिरा बुजवणे, फिकट पडलेला फोटो उठावदार करणे, थर चढवणे, हे सगळे त्यात होते. त्याला भारी ग्राफिक्स लागत नाही. आपल्या मशीनमध्ये ४ जीबीची आणखी एक डीडीआर-३ पट्टी आणि एक एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स चढवले, तर आपले ४०० फोटो त्यावर होतील. लिनक्सलाही पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशीनवर ते सुखाने नांदते. नव्या कॉम्प्युटरच्या तुलनेत हा खर्च अगदी थोडा आहे. मी माझ्या घरच्या मशीनवर, जे याचेच भावंड आहे, गेले दोन महिने असे काम करून पाहिले, मगच हे सांगतो आहे. दहा थरांचा फोटो उघडायला जरा वेळ लागतो. आपल्यापैकी अनेकांना खुर्चीतून उठायलाही लागतो.

कोणाला पुढे छपाईचे, रंगाचे, धंद्याचे काम करायचे असेल तर त्यांनी जरूर नवे मशीन घ्यावे, १६ जीबी रॅमचे घ्यावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण पाय केवढे आहेत हे आधी मोजावे, म्हणजे अंथरूण विकत घेताना फसगत होत नाही.

आता मंडळापुढे माझी विनंती. कॉम्प्युटरचा ठराव होईल तेव्हा होईल. स्कॅनिंग या रविवारपासून सुरू करू या. स्कॅनर माझा, मशीन आहे तेच. ४ जीबी रॅमवर स्कॅनिंग झकास होते, मी ट्रंकेतले वीस फोटो करून पाहिले आहेत. पावसाळ्याच्या आत ट्रंक रिकामी झाली पाहिजे. दुरुस्ती नंतर, जमेल तशी.

काही पथ्ये सांगतो. फोटो स्वच्छ, कोरड्या हातांनी, कडेला धरायचा. एकमेकांना किंवा काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवायचा नाही. काचेला चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करायचा. स्कॅनरवर बसत नसेल तर सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइलने सरळ वरून फोटो घ्यायचा. मूळ स्कॅन टिफ प्रकारात ठेवायचा, कारण जेपेग दर वेळी बदलून जतन करताना थोडे थोडे गमावत जाते. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, दुरुस्ती त्याच्या प्रतीवर. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. आणि मूळ फोटो, कितीही खराब असला, तरी टाकायचा नाही.

आणखी एक. दुरुस्ती करताना हात आवरायचा. कॉम्प्युटर हल्ली गेलेला चेहरासुद्धा नवा काढून देतो. माझ्या मुलीने परवा तसे सुचवले, "बाबा, आजीचा चेहरा करून बघू का?" मी नको म्हटले. चेहरा झाला असता, बाईही सुरेख दिसली असती, पण ती माझी आई नसती. मंडळाच्या फोटोंतही जे गेले ते गेले असे मानू. डाग काढू, चिरा बुजवू, माणसे नवी घडवायची नाहीत.

शेवटची गोष्ट कोणत्याही मशीनच्या यादीत सापडणार नाही. ट्रंकेतल्या बहुतेक फोटोंच्या मागे नावे नाहीत. मांडवात ढोलकी घेऊन बसलेला तरुण कोण, नाटकात स्त्रीवेष घेतलेला कोण, हे सांगू शकणारी माणसे आपल्यात आता मोजकीच आहेत. त्यातले काही आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या आठवणीत जे आहे त्याची प्रत अजून कुठेच नाही. काकू, काका, रविवारी सकाळी दहा वाजता चष्मा घेऊन सभागृहात या. आम्ही फोटो मोठे करून पडद्यावर दाखवू, तुम्ही नावे सांगा, कोणीतरी लिहून घेईल. चहाची सोय मंडळाची. आमच्या केरळच्या मित्रांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे, कारण एका फोटोत मोदक वाढणारा इसम त्यांच्यापैकीच एकाच्या वडिलांसारखा दिसतो आणि ते खरे आहे का, हे मला मोजून, म्हणजे विचारून, पाहायचे आहे.

 

गणपती बाप्पा मोरया!